एका हाताले तीन हाका

आदरणीय नानाजी भाऊंच्या पायाशी लहान भाऊ केवळरामचा वाकून नमस्कार.

तुमची तब्येत, वहिनीचे गुडघे आणि ऊर्जानगरची हवा, तिन्ही बरं असंल अशी आशा करतो (वीज कारखान्याच्या धुराड्याखालच्या हवेचं आपलं रीत म्हणून विचारलं). इकडं आमी खुशाल आहो. धान घरी आलं, गोकुळाचा खोकला गेला. फोन सोडून हा कागद काऊन लिहून राह्यला, म्हणान. तर भाऊ, फोनवर तुमी मले बोलू देता काय? एकडाव ‘हॅलो’ म्हणलं का तुमचं सुरू, अन् मोठ्या भावाचं बोलणं तोडाची आपल्या घरात रीत नाई. कागद मात्र तुमाले शेवटवरी वाचाच लागते. लच्छू उद्या चंद्रपूरले दवाखान्यात येऊन राह्यला, त्याच्या हाती देतो. संगं वाळवलेले झिंगे आहेत, ते पत्र वाचल्यावरच सोडजा.

पयले चांगली बातमी. आपली दिव्यानी पुन्हा चेंडू फेकून राह्यली! हे लिहितानाच मले हलकं हलकं वाटून राह्यलं, काऊन का मधात तिनं चेंडू धानाच्या ढोलीत पुरला होता अन् ‘मले खेळाचंच नाई’ म्हणून तोंड फिरवून बसली होती. जिल्ह्याची निवड तोंडावर, शाळेत तिच्यासारखी चेंडू फेकणारी दुसरी पोरगी नाई, अन् हिचा चेंडू धानात. का झालं ते तुमाले सांगतो. रागावजा नोका, त्यात तुमी पण आहा.

सॉफ्टबॉलमंधी चेंडू खालून फेका लागते, हे तुमाले ठावं आहे (ठावं नसतं तं बरं झालं असतं). शाळेतले आदेश सर म्हणत, हात कानाजवळून पुरा गरागरा फिरव. तुमी व्हिडिओ पाठवून सांगत, फिरवाचा नाई, झोक्यासारखा मांगं नेऊन पुढं आण, कंपनीच्या सामन्यात तुमी असंच फेकून कप आणला होता (कप आमी पाह्यला, भाऊ. त्याच्यावर कॅरम लिहिलं आहे). अन् मी? मी बाप आहो, मी का चूप बसू? मी म्हणलं, बाई, आपण जाळं फेकणारे लोक, हात गेला खड्ड्यात, कमरेतून फीर.

पोरगी गुणाची. सरले हो म्हणे, तुमाले हो म्हणे, मलेही हो म्हणे. अन् एक दिवस तिघांचंही एकाच फेकीत कराले गेली. हात वर गेला, झोका आठवला म्हणून मधातच थांबला, कमर फिरली, अन् चेंडू पुढं जाचा सोडून उलटा मांगं गेला. मांगं कलाबाई पोरांसाठी खिचडी शिजवत होती. बदकन खिचडीच्या गंजात! कलाबाईनं पळीनं काढून धुवून देल्ला, पण सारी शाळा हासली. पोरीच्या खांद्यात लचक भरली ती येगळीच. त्याच सांजेले चेंडू ढोलीत गेला.

आता शहाण्या माणसानं चूप राहाव का नाई? नाई! दुसऱ्या दिवशी तळ्यात मोठं जाळं टाकलं होतं. तुमी सोता ओढलं आहे, तुमाले काय सांगू: दोन्हीकडून दोर, अन् हाक एकाचीच. बाकीच्यानं तोंडातून हूं काढाचं नाई. यंदा हाकेचा मान मले. तळ्याच्या पाळीवर दिव्यानी तोंड फुगवून बसली होती. मासोळ्या घ्याले आदेश सर आले, अन् त्याच वक्ताले दिव्यानीजवळ ठेवलेल्या माह्या फोनवर तुमचा व्हिडिओ कॉल (बरा वक्त साधता बा तुमी). सर तिले समजावू लागले, तुमी फोनातून ओरडू लागले, अन् मी, गळ्याएवढ्या पाण्यातून, हाक देता देता दोघाईले उत्तर देऊ लागलो. दोरावरच्या लोकाईले समजेच ना, कोणाचं आयकाव. एक बाजू थांबली, एकीनं ओढलं, जाळ्याचं बूड उचललं, अन् हे एवढाले रोहू आमच्या डोळ्यादेखत खालून निंघून गेले.

गावानं मले काय काय म्हणलं ते लिहत नाई, हा कागद वहिनीही वाचते. पण गोकुळा वल्ल्या लुगड्यानं पाळीवर चढली अन् म्हणाली, “मासोळीसाठी एक हाक लागते, अन् माह्या पोरीच्या हाताले तीन तीन?” मंग तिनं पोरीले विचारलं, तुले कोणाची हाक पायजे ते सांग, बाकीचे आजपासून मुके.

भाऊ, खरं सांगतो, मी छाती फुगवून उभा राह्यलो. सरनं गळ्यातली शिट्टी सरळ केली. फोनात तुमी केसावरून हात फिरवला, मी पाह्यला. दिव्यानी म्हणाली, “रोशनी.”

रोशनी म्हणजे भैयाजीची पोरगी, चेंडू झेलणारी. ती बोलतच नाई. कसा चेंडू टाकाचा त्याची खूण म्हणून मांडीजवळ दोन बोटं दाखवते, नाईतं तीन, अन् आपली बसते. तिच्यासमोर दिव्यानी कशी फेकते म्हणान तं मले ठाऊक नाई. निवडीच्या दिवशी मी तोंडात तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याचा अख्खा गोळा कोंबून डोळे मिटून बसलो होतो. सरनं शिट्टी दातात धरली होती, वाजवली नाई. नुसता रोशनीच्या पंजात चेंडू बसल्याचा आवाज ये, फट् फट्, अन् समोरच्या पोरी एकामांगं एक बाद. दोघीही निवडल्या गेल्या. मी उठून नाचाले गेलो तं खर्रा गिळल्या गेला, त्याचं पुढचं सांगत नाई. पण भाऊ, पोरगी हासत घरी आली. मले दुसरं काय पायजे होतं?

वहिनीले नमस्कार.

तुमचा,
केवळराम

ता.क. विभागाचे सामने चंद्रपूरले आहेत. आमी तिघं अन् रोशनी तुमच्याच क्वार्टरात उतरू. सामना पाहाले तुमी जरूर या, पण माह्या बाजूले बसजा अन् तुमीही मुके. खर्रा मी आणतो.

ता.क. दोन. गोकुळा झोपली म्हणून लिहितो. चेंडू सोडताना पोरीची डावी टाच जराशी उचलते. मी तं मुकं राहाचं वचन गोकुळाले देऊन बांधला आहो. पण तुमी अजून कोणाले वचन देल्लं नाई. जेवताना सहज, तुमचंच म्हणून, तिच्या कानावर टाकजा.

ता.क. तीन. मोठेबाबा, मी दिव्यानी. लच्छूकाकाले द्याच्या आधी आईनं कागद मले वाचाले देल्ला. टाचेचं रोशनीले विचारलं, तिनं मान हालवली, राहू दे म्हणून. तुमी नक्की या. पाहाले घरचं कोणी नसलं तं मले करमत नाई. खर्रा आईनं चुलीत टाकला. तुमच्या दोघांसाठी ती फुटाणे भाजून राह्यली, पुरा सामना तोंड भरून राहीन एवढे.