त्रिपुरी पौर्णिमेची बैठक

ठाणे, मार्गशीर्ष वद्य पंचमी, शके १८०९

प्रिय विश्राम,

माझी आधीची दोन पत्रं तुला पोचली असतील. उत्तर आलं नाही, तरी हे तिसरं लिहितो आहे. एवढं शेवटपर्यंत वाच.

गेल्या आठवड्यात इथल्या शाळेत चित्रांचं प्रदर्शन भरलं होतं. चार दिवसांतले तीन दिवस मी तिथेच होतो. मुंबईहून तैलचित्रं आली होती, चित्रशाळेच्या मुलांनी काढलेले नुसते हात नि पाय होते आणि मातीची फळं होती. सगळ्यात जास्त गर्दी फळांपुढे. एका म्हातारबुवांनी मातीचं सीताफळ उचलून हुंगलं, तेव्हा पहारेकऱ्यालाही हसू आलं. चित्रांतलं मला काय कळतं, ते तुला ठाऊकच आहे. पण एका चित्रापुढून पाय निघेना. ओहोटीची खाडी, चिखलात कलंडलेला मचवा, आणि त्याच्या सावलीत जाळं विणत बसलेली बाई. उन्हाने तिचे डोळे बारीक झाले होते. रोज कचेरीत जाताना खाडीवर अशा बायका मला दिसतात, पण मी कधी थांबलो नव्हतो. चित्रापुढे मात्र घटकाभर उभा राहिलो, आणि तेवढा वेळ मला कुणाचं काही ऐकावं लागलं नाही.

हे शेवटचं वाक्य लिहायला मला दोन वर्षं लागली, विश्राम. मला ऐकू येत नाही. अगदीच येत नाही असं नाही. समोर तोंड करून, जवळून, सावकाश बोललं तर कळतं. डावा कान गेल्यातच जमा आहे, उजवाही त्याच वाटेवर आहे. घरी सगुणेला सोडून कुणाला सांगितलेलं नाही. कचेरीत माझं काम साक्षीदारांच्या जबान्या लिहून घेण्याचं. ज्याला ऐकू येत नाही, त्याला त्या जागेवर कोण ठेवील? म्हणून मी साक्षीदाराच्या ओठांकडे बघत लिहायचो, उरलेलं शेजारच्या कारकुनाच्या कागदावरून उतरवायचो. लोक बोलले की मान डोलवायची, हसले की हसायचं, अशी सवय लागली. बहुतेक वेळा ते खपून जायचं.

तुझ्यापाशी का लपवलं, ते सांगतो. कल्याणच्या शाळेत होतो तेव्हापासून आपण दोघं देवळादेवळांतून गाणं ऐकत हिंडलो. राग ओळखण्याची अक्कल दोघांनाही नव्हती. पुढच्या रांगेतले जाणकार माना हलवायचे, आपण मागे खांबाला टेकून बसायचो, आणि परतताना कुठली जागा चांगली झाली यावर खाडीपर्यंत भांडायचो. आता जो तो नाटकातल्या पदांमागे लागला आहे. जुनं धृपद आणि बीन ऐकायला वीस माणसं जमत नाहीत. त्या विसांत आपण दोघं असायचो. मला ऐकू येत नाही असं तुला सांगितलं, तर तू ठाण्याला कशाला येशील, असं माझ्या मनात यायचं.

आता कार्तिकातल्या त्या बैठकीचं. त्रिपुरी पौर्णिमेला तळ्याकाठच्या देवळात तो म्हातारा बीनकार आला होता. दुपार कलली होती. दीपमाळेवर पणत्या मांडायचं काम चाललं होतं. तू कल्याणहून उशिरा आलास, माझ्या डाव्या बाजूला बसलास. तुझा चेहरा उतरलेला दिसला, पण स्टेशनावरून चालून दमला असशील, असं वाटलं. बीन मला जवळजवळ ऐकूच येत नव्हती. पखवाजाची थाप तेवढी फरशीतून मांडीला जाणवत होती, आणि वीणेच्या तारांवरची म्हाताऱ्याची बोटं दिसत होती. ती बोटं पाहण्यात मी रंगून गेलो होतो. त्यातच तू माझ्याकडे वाकून काहीतरी बोललास. मला वाटलं, वादनाबद्दलच बोलतो आहेस. मी हसलो आणि म्हणालो, "वा, फार उत्तम झालं."

तू माझ्याकडे पाहिलंस. तुझे ओठ पुन्हा हलले नाहीत. थोड्या वेळाने तू उठलास आणि बैठक चालू असतानाच निघून गेलास. मी समजलो, परतीच्या गाडीची वेळ झाली असेल.

प्रदर्शनाच्या तिसऱ्या दिवशी तिथे तुझा मेहुणा पंढरी दिसला. मी हात जोडले, त्याने तोंड फिरवलं. मी मागोमाग ओसरीवर गेलो आणि काय झालं म्हणून विचारलं. तो इतका संतापला होता, की त्याचा शब्द न् शब्द मला ऐकू आला. म्हणाला, "आश्विनात रतन गेली. चार दिवसांच्या तापात गेली. घरात बसवेना म्हणून भावोजी तुमच्याकडे आले होते. तुम्हाला सांगितलं, तर तुम्ही हसलात."

मी तिथेच पायरीवर बसलो. गेल्या वर्षीच्या प्रदर्शनाला तू तुझ्या या लेकीला घेऊन आला होतास. सात वर्षांची पोर, परकराचा ओचा धरून प्रत्येक चित्रापुढे उभी राहायची आणि मला विचारायची, "काका, ही बाई कुणाची वाट बघते?" तिचा आवाज किनरा होता म्हणून मला तो ऐकू यायचा नाही, मी खाली वाकून पुन्हा विचारायचो. दर वेळी ती न कंटाळता पुन्हा सांगायची. तिच्यापुढे मला लाज वाटली नव्हती. तुझ्यापुढेच वाटली.

दुसऱ्या दिवशी मी शिरस्तेदारांपुढे उभा राहिलो आणि खरं काय ते सांगून टाकलं. त्यांनी मला जबान्यांवरून काढून नकलांच्या टेबलावर बसवलं. पगार कमी झाला, जागा राहिली. सगुणा म्हणाली, आता झोप तरी लागेल. ती अजून लागलेली नाही.

येत्या रविवारी सकाळच्या गाडीने मी कल्याणला येतो आहे. तू दार उघडलं नाहीस तर मी रागावणार नाही, संध्याकाळपर्यंत ओट्यावर बसून परत जाईन. पण उघडलंस, तर त्या दिवशी जे सांगत होतास ते मला पुन्हा सांग. ती कशी आजारी पडली, काय मागत होती, शेवटी कुणाच्या मांडीवर होती, सगळं. उजव्या बाजूला बस आणि मोठ्याने बोल. अशी गोष्ट बापाला ओरडून सांगायला लावतो आहे, हे मला कळतं. तुला ओरडवलं नाही, तर कागदावर लिही. मी तुझ्यासमोर बसून वाचीन.

तुझाच,
महिपत