लाकूड न सोडणारे मासे

किझिंगितिनी,
सोमवार, शाबान महिना

माझ्या फमाऊला, माझ्या लेकीच्या लेकाला, वातामूच्या मोठ्या कप्तानाला आजीचा सलाम आणि दोन्ही गालांचे मुके. आता दाढी आली असली तरी मुके घ्यावेच लागतील.

तुझं पत्र पोचलं, पार्सलही पोचलं. पार्सलाची दोरी बसवाल्याने सोडून पाहिली होती, पण आतलं काही गेलं नाही. वासानेच घाबरला असेल. आम्ही सगळे धड आहोत. तुझ्या आईचा गुडघा तसाच आहे. तेल लाव म्हटलं की माझ्यावरच ओरडते, लहानपणी ओरडायची तशीच. उत्तरेचा वारा सुटलाय, विहिरीचं पाणी जरा खारट लागतं, आणि मशिदीच्या मागच्या बकरीला तीन पिल्लं झाली. तिसरं कोणी मोजलंच नव्हतं, ते भिंतीआड सापडलं.

या वेळी अक्षर वाकडं दिसलं तर हसू नकोस. एरवी मास्तरीणबाई लिहून देतात, हे मी स्वतः लिहितेय. म्हाताऱ्या बायकांच्या वर्गात माझा नंबर पहिला आहे. म्हणजे मी दाराशी पहिली बसते. मास्तरीणबाई म्हणतात, "आजी, तुम्ही बोलता तसंच लिहिता, मध्ये श्वास घेत चला." मी म्हटलं, "या वयात श्वास कोण वाया घालवतं?"

तुझा फोटो गावभर फिरवून आणला. केवढा तो मासा! तुझ्यापेक्षा हातभर उंच टांगलाय, आणि तू शेजारी दात काढून उभा. ती म्वानामकू, जिची जीभ तुला ठाऊक आहे, फोटो उलटा धरून म्हणते, "यातला फमाऊ कुठला?" मी म्हटलं, "लांब नाकाचा तो मासा. टोपीवाला तो माझा." सगळ्या हसल्या. तुम्ही तिथे त्याला मार्लिन म्हणता. आम्हाला आपला भाल्याच बरा. ज्याच्या तोंडालाच भाला, त्याला दुसरं नाव कशाला?

तू तो कसा शोधलास ते मी बोट ठेवून ठेवून वाचलं, मग पुन्हा वाचलं. सकाळपासून समुद्र रिकामा, एक पाखरू नाही, उडणारे मासे नाहीत, पैसे मोजून मासे धरायला आलेले पाहुणे कंटाळून झोपलेले. मग एक छोटा भाल्या लागला आणि बोटीजवळ आणल्यावर त्याने पोट उलटं करून सगळं बाहेर टाकलं. तुझा माणूस बादली घेऊन धुवायला धावला आणि तू ओरडलास, "थांब!" हे वाचताना मला तुझा आवाजच ऐकू आला. माकूळ होते ते विरघळून मऊ झालेले, म्हणजे रात्री खोल पाण्यात खाल्लेले. पण त्यांच्यात ते चपटे काळे चिमुकले मासे होते, पाठीवर काटा असलेले. ते अख्खे, डोळे अजून चमकणारे. तू पाहुण्यांना म्हणालास, "हे मासे तरंगतं लाकूड सोडून कधी लांब जात नाहीत. हे आत्ता गिळलेत. लाकूड इथेच जवळ आहे." आणि बोट प्रवाहाच्या उलट वळवलीस.

मग ते दिसलं. काहीतरी काळं, अर्धं बुडालेलं, शिंपल्यांनी आणि शेवाळाने भरलेलं. त्याच्याखाली चिमुकल्यांचा ढग, त्यांच्याभोवती कुपे उसळ्या मारताहेत, आणि सगळ्यांच्या खाली भाल्ये, घराभोवती कुत्रे फेऱ्या मारतात तसे. पाहुण्याने तुझ्या डोक्याचा मुका घेतला म्हणे. घेऊ दे. पहिला हक्क माझा आहे हे त्याला सांगून ठेव.

हे सगळं तुला कोणी शिकवलं हे तू लिहिलं नाहीस. लिहायला नकोच. मी इथे बसून पाहिलंय. अथमान, तुझा मामा, वाळूवर उकिडवा बसून माशाचं पोट फाडायचा, आणि तू त्याच्या खांद्यावर हनुवटी टेकून बघायचास. "विकायचं नंतर, आधी पोट बघ," म्हणायचा. "काय खाल्लंय ते कळलं की कुठे जेवायला बसला होता ते कळतं." मग दोघं हात न धुता घरात यायचात आणि मला ओरडावं लागायचं.

त्याची बातमी विचारलीस. होडी घेऊन गेला त्याला कित्येक महिने झाले, बातमी तीच, दुसरी नाही. तू मोंबासाला जाऊन जुन्या बंदरात हिंडलास, सापडला नाही. पण मोंबासा केवढं मोठं. म्वानामकूच्या दिराने पाहिला म्हणे, बाजाराच्या मागे. कसाव्याच्या कंदाचे काप तळून विकायचं दुकान टाकलंय, बाई ठेवलीय, आणि जाड झालाय. मी विचारलं, "जाड म्हणजे किती?" ती म्हणाली, "गळ्याला घडी पडते." फमाऊ, मला इतका आनंद झाला की मी तिला दोन वेळा चहा दिला. मी पुन्हा विचारलं, "रंग कसा आहे? खोकला गेला का?" आणि तुझी मामी सोमोए तिथेच नारळ किसत बसली होती. तिचा हात थांबला नाही. किसून किसून करवंटीचा भुगा पडायला लागला तरी थांबला नाही.

नंतर म्वानामकू जाताना म्हणाली, "नवा सदरा घालून मासेमारीला कोण जातं गं?" सगळं गाव हेच म्हणतं. एकटा गेला, नवा सदरा घालून गेला. सोमोए तेव्हा फक्त एवढं म्हणाली, "जुना मीच धुवायला घेतला होता." कोणी ऐकलं नाही. मीही ऐकलं नाही. मला तो सदरा हवा होता. नवा सदरा घालून गेलेला माणूस कुठेतरी पोचतो, बाळा. शिव्या देता येतात. रोज सकाळी उठून मी त्याला शिव्या देत होते, जाड्या म्हणून, बेशरम म्हणून, आणि माझं जेवण गोड लागत होतं.

येत्या शुक्रवारी सोमोएचे भाऊ येणार आहेत. तिला काझीकडे नेणार. नवऱ्याने टाकली असं तिथे लिहून घेतील आणि तिला माहेरी घेऊन जातील. टाकलेली बाई. तिने पेटी आवरून ठेवलीय.

तू पाठवलेला भाल्याचा खारवलेला तुकडा आला त्याच दिवशी वाटला. तुझ्या आईकडे, मास्तरीणबाईंकडे, इमामांकडे. सोमोएने नारळाच्या रसात केला, चिंच घालून. कितीतरी दिवसांनी ती पोटभर जेवली, बोटंसुद्धा चाटली. मीही खाल्ला. चांगला लागला.

आणि पाट. तू लिहिलंस, "आजी, तुझा मासे कापायचा पाट फुटलाय ना, म्हणून त्या तरंगत्या लाकडाचीच एक फळी उचकटून घेतली. लाकूड जुनं, पक्कं आहे." माझी आठवण एवढ्या लांब समुद्रात ठेवलीस, देव तुला खूप देवो. मी तो घासला, शिंपले खरवडून काढले, उन्हात ठेवला. दिवसा वाळायचा. संध्याकाळी हवा दमट झाली की त्याला पाणी सुटायचं. मीठ मुरलंय, मी म्हटलं. सोमोए म्हणाली, "आई, तुमचा नवा पाट रडका आहे." मांजरं मासा नसतानाही त्याच्याभोवती येऊन बसायची. मी हाकलायची, ती लांब जाऊन पुन्हा गोल करून बसायची. मला ते आवडेना. पण का, ते मला कळत नव्हतं. खरंच कळत नव्हतं.

गुरुवारी बांगडे कापत होते. सुरी फळीच्या कडेला अडकली. कडेला, जिथे दुसरी फळी जोडलेली असते ना, तिथे ठासलेलं काहीतरी होतं. सुरीच्या टोकाने ओढलं तर चिंधी निघाली. धुतली. पिवळी, त्यावर तांबडी काजूची नक्षी.

तू वातामूला गेल्यानंतरची गोष्ट आहे, म्हणून तुला माहीत नाही. होडीची एक फळी नवी बसवली होती. अथमान फटीत कापूस ठोकत होता, मुशी माशाच्या तेलात बुडवून, आणि शेवटच्या दोन हातांपुरता कापूस संपला. भरती चढत होती. मी नेसलेल्या कांग्याची, त्या छापील कापडाची, कड टराटरा फाडून दिली. काजूच्या नक्षीचा पिवळा कांगा, त्याच्या बारशाचा. तो हसायला लागला. म्हणाला, "आता मी बुडतोय कसला! आईच्या पदराने भोक बुजवलंय."

तू ओळखलं नाहीस, त्यात तुझा दोष नाही. पालथी, मोडलेली, कालवं लागलेली होडी कोण ओळखणार? मीसुद्धा तिच्यावर इतके दिवस मासे कापले.

फमाऊ, मी त्या दिवसापासून वाळूवर जात नाही. गेले तर पाणी दिसतं, आणि पाण्याकडे बघितलं की मला ती सावली दिसते, आणि तिच्याखाली ते चिमुकले, गप्प, एकमेकांना चिकटून. ते लाकूड सोडत नाहीत, तूच लिहिलंस. म्हणजे एवढे महिने, आम्ही इथे चहा पीत कसाव्याच्या दुकानाच्या गप्पा मारत होतो तेव्हा, त्याच्या होडीपाशी कोणीतरी होतं. हे बरं म्हणावं की वाईट ते मला ठरवता येत नाही. कधी बरं वाटतं. मग आठवतं, त्यांना भाल्याने खाल्लं. आणि भाल्याला आपण. बोटं चाटून. हे वाक्य लिहायचं नव्हतं, पण खोडलं तर कागद घाण दिसेल.

काल मी तो पाट चुलीत घातला. हो, तुझाच पाट. चिंधीही त्याच्याबरोबर. माझं ठरलं होतं. कोणाला काही माहीत नाही, मी एकटी ओळखते. जळून जाऊ दे, आणि तो राहू दे तिकडे, बाजाराच्या मागे, जाड. आग फळीला धरत नव्हती, नुसती फुसफुसत होती, निळी होत होती. सोमोए धावत आली, उघड्या हातांनी फळी बाहेर ओढली. "आई, वेड लागलं का? लेकराने समुद्रातून तुमच्यासाठी आणलेला पाट जाळता?" एक कोपरा काळा झाला. तिच्या दोन बोटांना फोड आलेत. फळीवर पाणी ओतून ती पुसत बसली, आपल्या कांग्याने, कडा, कोपरे, सगळं, हळूहळू. आपण काय पुसतोय ते तिला माहीत नव्हतं. मी बघत होते. तिने फळीला चिकटून आलेली चिंधीही उचलली, झटकली, आणि भांडी पुसायला खिळ्याला अडकवून ठेवली.

चिंधी अजून तिथेच आहे. मी लिहितेय तिथून दिसते.

रात्रभर मी एकच विचार केला. मी गप्प बसले तर माझा मुलगा जिवंत आहे, आणि शुक्रवारी तिच्या नावापुढे टाकलेली असं लिहितील. मी बोलले तर तिला विधवा म्हणून इद्दतीला बसावं लागेल, पांढरं नेसावं लागेल, पण बाजारातून मान वर करून चालेल. नवरा पळून गेला नव्हता तिचा. जुना सदरा धुवायला होता म्हणून नवा घालून गेला होता, आणि परत यायचं म्हणूनच निघाला होता. एवढंच तिचं आहे. ते मी कसं ठेवून घेऊ?

इमामांना विचारलं, दुसऱ्याच कोणाचं नाव सांगून. ते म्हणाले, शरीर नसलं तरी मयताची नमाज होते.

तुला एक विचारायचं होतं. त्या लाकडाला आणखी काही होतं का, दोरी, बांधलेलं काही, कापड. असलं तर मला लिहू नकोस. नसलं तरीही लिहू नकोस. तू ये. आल्यावर माझ्या शेजारी बस आणि दुसरं काहीतरी बोल. आणि समुद्रात ते पुन्हा दिसलं तर पाहुण्यांना सांग, आज इथे मासा नाही. पाखरं फिरत असली, उडणारे मासे उसळत असले तरी सांग, नाही. खोटं बोललास तर ते माझ्या माथी.

हे पत्र शुक्रवारच्या आत तुला पोचत नाही, हे मला माहीत आहे. म्हणून तुझी वाट बघत नाही. मास्तरीणबाईंना लिहायला का बोलावलं नाही, तेही तुला आता कळलं असेल. हे पहिलं कोणाला सांगायचं तर सोमोएलाच, आणि तिला सांगायला तोंड उघडेना, म्हणून आधी तुला सांगून सराव करून घेतला.

ती आत आलीय. बोटांना कोरफड लावलीय. विचारते, "आई, एवढं काय लिहिता कप्तानाला? दुकानातले कागद संपवले तुम्ही." मी म्हटलं, "बस गं जरा इथे, माझ्याजवळ." बसलीय. माझ्या वाकड्या अक्षरांकडे बघून हसतेय. फार दिवसांनी हसतेय रे. ही ओळ संपेपर्यंत तिला हसू देते.

तुझी आजी,
अथमानची आई