चुकीच्या पाठीमागे

तीर्थरूप ताईस,

साष्टांग नमस्कार. (दोन्ही गुडघे संपावर गेल्यामुळे सध्या षडांगच समज.) तुझी कंबर कशी आहे? नातवाला दात आल्याचं तुझ्या चिरंजीवांकडून कळलं. आता चावतही असेल, आपल्याच घराण्यातला आहे. चिरंजीव फोनवर असंही म्हणाले, की आई आता कायमची इथेच राहणार. त्यांची थट्टेची सवय जुनीच, म्हणून मी मनावर घेतलं नाही.

तर, मी सायकल शर्यतीत उतरलो. या वयात, भर उन्हाळ्यात आणि तुझ्याशिवाय. 'डॉक्टरांना विचारलंस का?' म्हणशील. विचारणार होतो, पण ते स्वतःच माझ्या पुढे सायकल घेऊन उभे होते. ऊन असं, की डांबर चाकाला चिकटत होतं आणि बाटलीतल्या पाण्यात नुसती चहाची पूड टाकायची बाकी होती. संयोजकांनी अंतर निम्मं केलं, तेव्हा आम्ही सगळे तोंडदेखले हळहळलो.

तुला माहीतच आहे, मला शर्यत येत नाही, मागे राहता येतं. इतकी वर्षं पुढे राहून तू वारा अंगावर घ्यायचीस आणि मी तुझ्या मागच्या चाकाला चिकटून फुकटात पोहोचायचो. (लोक मला तुझं शेपूट म्हणायचे. मला कधी वाईट वाटलं नाही.) या वेळी वारा अडवायला पुढे कोणीच नव्हतं. अर्ध्या वाटेत घामाने चष्मा धुरकटला (दिवसभर लोकांना चष्मे विकणारा मी!) आणि समोर एक पाठ दिसली. रुंद, डावीकडे किंचित कललेली, थेट तुझ्यासारखी. रागावू नकोस, तो एक मिशीवाला सुतार निघाला. पण मला कुठे ठाऊक? मी मान खाली घालून त्याचं चाक धरलं. काय सांगू ताई, किती बरं वाटलं! तो वळला, मी वळलो. तो गल्लीत शिरला, मीही शिरलो. (शर्यत गल्लीतून कशी जाईल, हा प्रश्न पडायला डोकं लागतं. माझं तेव्हा शिजत होतं.) तो थांबला म्हणून वर पाहिलं, तर समोर दोरीवर धुणं वाळत होतं. त्या गृहस्थाने शर्यत केव्हाच सोडली होती आणि तो आपल्या घरी आला होता. त्याची बायको दारातून म्हणाली, "आणि हे कोण?" तो म्हणाला, "मला वाटलं, यांचं घरही इकडेच असेल."

त्यांनी माझ्या डोक्यावर बादलीभर पाणी ओतलं, जेवायला वाढलं. मी घासागणिक तुझंच सांगत होतो. शेवटी सुतारीणबाईंनी विचारलं, "मग त्या आता असतात कुठे?" दोन महिन्यांसाठी गेलीय, म्हणालो. आपल्या शेजाऱ्यांनाही तेच सांगतो. हा तिसरा उन्हाळा.

बाकी ठीक.

तुझं,
शेपूट

ता. क. चिरंजीवांनी तुझ्या सायकलीसाठी गिऱ्हाईक पाठवलं होतं. मी चोरीला गेली म्हणून सांगितलं. ती माझ्या पलंगाशेजारी आहे, येता-जाता पायाला लागते.

आणखी एक ता. क. 'तुला यायला नाही जमलं तरी चालेल' असं लिहून पाकीट चिकटवलं होतं. ते फोडून ती ओळ खोडली आहे. चालत नाही, ताई.