सातवी पट्टी

मंगळवार, २१ एप्रिल १९८७. चारकोप.

सातवी पट्टी वाकडी आहे आणि हे फक्त मला ठाऊक आहे.

पट्टीच्या या धातूला भट्टीत साच्यात आवळून जो आकार द्यावा, तो त्याच्या कायम लक्षात राहतो. गार असताना कसाही वाकवा, तापला की परत तसाच. म्हणून तर आम्ही बनवतो त्या छपराच्या पट्ट्या उन्हात आपोआप उघडतात. सातवीच्या साच्याचा स्क्रू मी घाईत ढिला ठेवला. आज गरम पाण्यात बुडवली तर तिला पीळ पडला. मग मी काय केलं? गार झाल्यावर दाबून सरळ केली. दिसायला एकदम झकास!

निघताना तपासणीवाल्या सावंतमामांनी विचारलं, "चेडवा, सातवी गरम पाण्यात बघलंस मां?"

"हो मामा."

खोटं कुठे बोलले? बघितलीच होती ना. त्यांनी लगेच कागदावर सही केली. स्वतः न बघता केलेली त्यांची ही पहिलीच सही असेल.

आत्ताच वाकोल्याला त्यांच्या घरी जाऊ? सांगू काय?

उद्या बारा वाजता गिऱ्हाईक छप्पर बघायला येणार. ऊन तापेल, सातवी पट्टी सगळ्यांसमोर पिळेल, आणि कागदावर माझं नाव कुठेच नसेल.