बांधातला बाबाजी

माघ वद्य ३, शके १८४५

भटजीने नारळ घेतला, पायलीभर तांदूळ घेतले, ताक दोनदा मागून प्याला, आणि काम केलं नाही.

म्हणे, हरेश्वराला बुडताना बघितलं कोणी? कोणी बघितलं नसेल तर बारा वर्षं थांबायचं. मग दर्भाचा पुतळा करून जाळू. बारा वर्षांनी मी कुठे असेन ते काही त्याने पंचांगात बघितलं नाही.

हरेश्वर माझा मुलगा. गेल्या श्रावण अमावास्येच्या उधाणात बांधाला खांड पडली, खारं पाणी शेतात घुसायला लागलं. गाव धावला तसा तोही धावला. खांड बुजली. बाकीचे घरी आले. तो आला नाही. सहा महिने झाले.

सून चंद्राबाई चोवीस वर्षांची. कपाळाला कुंकू, हातात चुडा. मी म्हणते, एकदा काय ते उरकून टाकू, मग वर्षाने तुझा पाट लावू. आमच्यात चालतं. तुझी पोरगी मी सांभाळीन. ती म्हणते, "माणूस मेलेला दाखवा, मंग काढते बांगड्या." कुठून दाखवू? खिशात आहे माझ्या?

जाताना भटजी म्हणाला, "तुमच्या घराण्यात आधी असं काही घडलं असेल तर तेव्हाच्या रीतीने आता करता येईल. तिथी आणि रीत शोधून आणा."

घडलंय तर. बाबाजी.

माघ वद्य ५

बाबाजी म्हणजे माझ्या नवऱ्याचा आजा. तो बांधात आहे, हे आमच्या खारेपाटातलं शेंबडं पोरही सांगेल.

आमच्याकडे खांड बुजवली की ती पुन्हा उकरायची नाही. भरती चढत असते. एक टोपली माती काढली तर सगळ्यांचं भात जातं. म्हणून खांड बुजल्यावर माणसं मोजायची, आणि जो कमी तो बांधात. बाबाजी असा कमी भरला. तेव्हापासून आमच्या घरातून कोणी बांधाला चिखल वाहायला जात नाही. गावानेच सोडलंय. आमचा माणूस तिथे कायमचा कामाला आहे.

हरेश्वराने जायचं नव्हतंच. मीच बोलले. "बापाच्या आज्याच्या नावावर किती दिवस बसून खाशील?" असं बोलले. तो पेज पीत होता. वाटी ठेवली आणि गेला.

लिहून झालं. पुढे.

माघ वद्य ८

बुधाजीकडे गेले. गावात सगळ्यांत म्हातारा तोच. ऐकू येत नाही, ओरडून माझा घसा बसला.

"मी तवा धा वरसांचा. टोपल्या पुढं द्यायचो. पुनवेचं उधाण. खांड बुजली, समदी वर आली, मोजली. येक कमी."

"शोधलं नाही?"

"कुठं शोधायचं? भरती चढत व्हती." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "तुझ्या पोराला तरी शोधला काय? तू व्हतीस की उभी."

होते. मीही उकरा म्हटलं नाही.

रीत विचारली. "पुतळा-बितळा कसला? बांधावर भाताचा गोळा ठेवला. बायजेच्या बांगड्या त्याच सांजंला फोडल्या. झालं."

बायजा म्हणजे बाबाजीची बायको, माझी आजेसासू. मी लग्न होऊन आले तेव्हा ती होती. म्हणजे रीत मिळाली. आता तिथी. कुठल्या महिन्याची पुनव ते काही बुधाजीला आठवेना. "भात पोटरीला व्हतं," एवढंच, म्हणजे लोंब्या बाहेर पडायच्या होत्या. त्याच उधाणात रेवदंड्याच्या कोळ्यांची होडी फुटली होती, ते लोक दिवस पाळतात, त्यांना विचार म्हणाला. उठताना म्हणाला, "चांगला गडी. उघाडीची फळी पडून डाव्या हाताची दोन बोटं गेली व्हती, तरी टोपली उचलायचा."

उघाडी म्हणजे बांधातलं पाणी सोडायचं दार. तिची फळी मी दोघांना मिळून उचलताना बघितली आहे.

माघ अमावास्या

काही नाही. भात केला. तिघींनी खाल्ला.

फाल्गुन शुद्ध ४

रेवदंड्याला सत्यवतीकडे गेले. वीस वर्षं सुकी मच्छी तिच्याकडूनच घेते आणि वीस वर्षं ती मला कुजकी खपवायला बघते.

तिथी लगेच सांगितली. भाद्रपद पौर्णिमा. त्या दिवशी तिच्या घरचे अजून होडी पाण्यात घालत नाहीत. मला तेवढंच पाहिजे होतं. निघाले होते.

"कुणासाठी ग तिथी?" म्हणाली.

सांगितलं. आमचा बाबाजी. दोन बोटं नसलेला.

ती बोंबील ओवत होती, ते थांबवलं. "डाव्या हाताची? तो बोर्लीला व्हता की."

मी म्हटलं, सकाळीच घेतलीस काय?

"माझी आय बोर्ली पंचतनच्या बाजारात सुकट घेऊन जायची. थितं सुपारीच्या वाडीत पाणी लावायला दोन बोटं नसलेला म्हातारा व्हता. आय कवापण गेली की इचारायचा, खारेपाटातला बांध टिकलाय ना? आय म्हणायची, टिकलाय. मंग सुकट न घेताच जायचा."

मी विचारलं, आणखी काय विचारायचा?

"येवढंच."

फाल्गुन शुद्ध ५

दोन बोटं नसलेली माणसं पुष्कळ असतील.

फाल्गुन शुद्ध ६

बांधाबद्दल विचारणारी नसतील.

फाल्गुन वद्य २

बोर्लीला जाऊन आले. चंद्राला सांगितलं, भाचीकडे जाते. सत्यवतीच्या पुतण्याच्या होडीने दिघी, तिथून चालत. वाटेत दोनदा बसले. मुलूख हबशाच्या संस्थानचा. आमच्याकडचा पाटील तिकडे कोणाला धरून आणू शकत नाही. पळायला जागा चांगली शोधली म्हाताऱ्याने.

वाडी सापडली. दारात एक बाई सुपारी सोलत बसलेली. साठीची. नाव केसर.

"कोण पायजे?"

"दोन बोटं नसलेला बाबाजी."

"तो मरून चाळीस वरसं झाली. तू आता आलीस व्हय?"

मग पाणी दिलं. गूळ दिला. ती त्याची मुलगी. इथे त्याने दुसरं घर केलं होतं, तिच्या आईशी. नात्याने ही माझी आतेसासू लागते, म्हणजे मी पाया पडायला पाहिजे. पडले नाही. ती बोलताना मान एका बाजूला करते. हरेश्वर करायचा तशी. मी सुपाऱ्यांकडे बघत ऐकलं.

मी विचारलं, पळाला का? कोणाचं काही केलं होतं?

"कुणाचं काय न्हाय. आयला येकदाच सांगितलं त्यानं. छातीभर पाण्यात उभा व्हतो, लय गार वाजलं, पलीकडच्या अंगाला वर चढलो आणि चालत सुटलो. वळून बघायचं ठरवलं व्हतं, ऱ्हाऊन गेलं."

एवढंच कारण. गार वाजलं.

म्हटलं, बायकोचं, पोराचं कधी नाव काढलं?

"न्हाय. उगा खोटं कशाला सांगू?" मग आणखी एक सुपारी सोलून म्हणाली, "येका कोळणीनं सांगितलं त्याला, तुमच्या खारेपाटात म्हणं बाबाजी नावाचा माणूस बांधात गाडलाय. तवा हसला. मंग चार दिवस जेवला न्हाय."

मी मनात हिशेब केला. बाबाजी मेला तेव्हा मला या घरात येऊन सात-आठ वर्षं झाली होती.

निघताना केसर म्हणाली, "तुमच्या थितं आता कोण कोण हाय?" मी म्हटलं, आम्ही तिघी. मुलाचं बोलले नाही. तिने पदरात सुपाऱ्या घातल्या.

परत येताना बोर्लीच्या बाजारातून आले. दिघीला पोचल्यावर माझ्या लक्षात आलं की बाजारभर मी गड्यांच्या पाठी बघत आले होते.

फाल्गुन वद्य ५

नारळी पौर्णिमेला गाव बांधाला नारळ द्यायचा तेव्हा बायजा भाताचा गोळा घेऊन जायची. गाडगं माझ्या हातात. मी दहा-अकरा वर्षांची. ती गोळा ठेवायची, पदराने वारा घालायची, आणि बोलायची. काळी गाय व्याली. धाकट्या नातवाला दात आले. मला हसू यायचं, मी गाडग्यात तोंड घालून हसायचे.

उघड्या कपाळाने पस्तीस वर्षं गेली तिची. तरणी असताना दोन ठिकाणांहून पाटासाठी विचारणं आलं होतं म्हणतात. नाही म्हणाली. माझा माणूस इथेच बांधात आहे, त्याला टाकून कुठे जाऊ, म्हणाली.

तो तिकडे झाडांना पाणी लावत होता.

मला राग यायला पाहिजे. येत नाही. जेवण जातं, झोप लागते.

चैत्र शुद्ध १०

भटजी आला. मी फाल्गुनातच तिथी कळवून बसले होते, बोर्लीला जायच्या आधी. तो खूष. भाद्रपद पौर्णिमा, बांधावर भात, बांगड्या, सगळं जुळलं म्हणे. गावाशी बोलूनही आला. वैशाख शुद्ध द्वितीयेला बांधाची पंच मंडळी आमच्याकडे येणार, त्यांच्यासमोर चंद्राच्या बांगड्या काढायच्या.

मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. त्याला ते हो वाटलं.

बोलले तर काय होईल ते मला कळतं. बाबाजी बांधात नाही असं एकदा कळलं की आमच्या घराची सूट गेली. चंद्राला चिखल वाहावा लागेल. आणि सत्तर वर्षं गावाने नारळ कोणाला दिला, ते म्हाताऱ्यांनी आता एकमेकांना विचारत बसायचं.

गप्प राहिले तर चंद्राची बायजा होईल. किंवा सुटेल. दोन्ही होऊ शकतं. बाबाजी जिवंत होता म्हणून हरेश्वर आहे असं होत नाही. एवढं मला कळतं. मी दुसरीपर्यंतच शिकले, पण एवढं कळतं.

चैत्र वद्य १२

चंद्राला सांगितलं. ती तांदूळ पाखडत होती. सगळं सांगितलं. रेवदंडा, बोर्ली, गार वाजलं, सगळं. पेज पिताना मी हरेश्वराला काय बोलले तेही सांगितलं.

सूप थांबलं नाही. शेवटी म्हणाली, "ते मी ऐकलं व्हतं. मी चुलीपाशीच व्हते."

आठ महिने एका घरात. एक शब्द बोलली नाही मला.

मग विचारलं, "बायजाआजीला कुणी इचारलं व्हतं? बांगड्या फोडताना?"

"नाही."

"तुमी व्हता?"

"मी जन्मले नव्हते."

"आता तुमी हायत," म्हणाली, आणि कोंडा उडवून दिला.

वैशाख शुद्ध २

मंडळी येऊन अंगणात बसली. भटजी पाटावर. मी उभं राहून सांगितलं: बाबाजी बांधात नाही. बोर्लीला मेला, म्हातारा होऊन. त्याची मुलगी आहे, जाऊन विचारा. या वर्षापासून आमच्या घरची टोपली बांधावर येईल, आणि ती मी उचलेन. बुधाजीला कोणीतरी कानात ओरडून सांगत होतं. त्याने खाली मान घातली.

मग भटजीने मला विचारलं, "हरेश्वराचं काय समजायचं?"

म्हटलं, मी आई आहे, मला विचारू नका. तुम्हीही सांगू नका. चंद्रा आत आहे, तिला बाहेर बोलावा. काढते म्हणाली तर काढेल, ठेवते म्हणाली तर ठेवेल, बारा वर्षांनी सांगते म्हणाली तर बारा वर्षांनी या. उत्तर ती देईल. तोवर माझ्या तोंडाकडे कोणी बघायचं नाही.