आईचा चारचा खाऊ

ताइनान,
१४ नोव्हेंबर

प्रिय दादा,

नमस्कार. तू नि वहिनी बरे असालच. इथे अजून उकडतंय. तू ताइचुंगहून पाठवलेली नाशपती पोचली.

आई गेल्याच्या शंभराव्या दिवसाचा नैवेद्य मी एकटीनेच केला. तुला सुट्टी मिळत नाही हे मला कळतं, तरी राग आलाच. भात, मासा आणि शेजारी तिचा चारचा खाऊ: कमी साखरेचा, काळ्या तिळाचा प्रोटीन बार. दुकानात तासभर पाकिटांमागचे आकडे वाचून मीच तो निवडला होता ना! शेंगदाण्याची चिक्की मी कुलपात ठेवली, तेव्हापासून आई शेजारच्या युए-शिया मावशीला सांगायची, "पुठ्ठा चघळतेय बाई. लेक कसली, जेलर आहे माझी!" पण तिचे मधुमेहाचे रिपोर्ट सुधारले होते. मी तुला फुशारकीने कळवलंही होतं.

उदबत्ती निम्मी जळल्यावर चंद्रकोरीसारखी दोन लाकडं जमिनीवर टाकून कौल लावला. "आई, जेवलीस का?" दोन्ही लाकडं उताणी पडली, म्हणजे ती हसत होती. सात वेळा टाकली, सातही वेळा हसली. तेवढ्यात चार वाजले आणि ताटाकडून कागद चुरचुरला. उंदीर असेल म्हणून पाहिलं. बारचं पाकीट कोपऱ्यावर फाटलं होतं आणि आत एकच घास घेतलेला. तिच्या पडलेल्या दाताची जागा त्या घासात दिसत होती.

मी तो बार कचऱ्यात टाकला. दुसऱ्या दिवशी बशीभर चिक्की ठेवली. चार वाजता चिक्की तशीच, आणि शेजारी तोच बार, एक घास घेतलेला. आता रोज हेच चाललंय. त्याच वेळी माझे हात थरथरतात, अंग घामाने भिजतं. साखर तपासून घेतली, ती ठीक आहे. दादा, मला घरात भीती वाटते.

मावशीला सांगितलं. ती म्हणाली, "तिला खायला नकोय गं. तू प्रश्नच चुकीचा विचारतेयस."

मग काल मी विचारलं, "आई, दादाला सांगू?" एक पालथं, एक उताणं. म्हणजे हो. लागोपाठ तीनदा हो.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. तू विश्वास ठेवलास आणि मी ठेवू दिला. त्या दुपारी तिने मधुमेहाची गोळी घेतली होती, पण पेज तशीच टाकली होती. चार वाजता हात थरथर कापत होते, कपाळावरून घाम गळत होता. "पोरी, गोड दे काहीतरी. खरं गोड." मी म्हटलं, "नाटकं पुरे, आई," आणि हातात बार ठेवला. तिने एक घास घेतला. मी गच्चीवर कपडे काढायला गेले. परत आले तेव्हा बार मुठीत होता आणि ती नव्हती.

तिची साखर उतरली होती, दादा. चमचाभर मध पुरला असता. असं झालं तर काय करायचं, त्याचा कागद फ्रिजवर मीच चिकटवला होता.

पत्र वाचून ये. आईसमोर बसून मला काय बोलायचं ते बोल, मी उलट उत्तर देणार नाही. खाली 'तुझी बहीण' लिहायला हात धजत नाही. ते तू ठरव.

शिउ-चिन