वळणाच्या पुढे बघायचं

११ ऑगस्ट

परत तोच विषय. आणि मी परत नाही म्हटलं.

डॉक्टरांनी मोटरसायकल बंद करायला सांगितल्यापासून ह्यांच्या डोक्यात एकच — मी गाडी शिकायची आणि ह्यांना मागे बसवून डोंगरावर न्यायचं. एकदाच. नजर आहे तोवर वरून तो रस्ता डोळे भरून बघायचाय म्हणे. शिलाई मशीनच्या दुरुस्तीसाठी पलीकडच्या गावांना जाताना ह्यांचा सगळा जन्म त्या रस्त्यावर गेला. वर कठड्यापाशी थांबायचं, खालची सगळी वळणं बघायची आणि मगच पुढे जायचं, हा नेम. "चढून आलो तो सगळा रस्ता एका नजरेत दिसतो गं. असं दुसरीकडे कुठे दिसतं?"

मी म्हटलं, टॅक्सी करू. तर म्हणाले, "टॅक्सीत बसून वळण कळतं होय! पोत्यासारखं जायचं आणि पोत्यासारखं यायचं."

म्हटलं, पन्नाशीला आले मी. आता त्या धुडावर टांग टाकून बसू? शिवणाच्या दुकानातल्या बायका काय म्हणतील?

"बरं," म्हणाले. भांडले असते तर परवडलं असतं. ह्यांचं ते "बरं" दिवसभर माझ्या मागेमागे फिरतं.

२९ ऑगस्ट

आज ह्यांनी चहा कपाबाहेर ओतला. बशीतसुद्धा नाही, थेट टेबलावर! मी फडकं आणलं, हे काहीच न झाल्यासारखं पेपर वाचत बसले. पेपर वाचत नाहीत, नुसता धरतात, हे मला कळतं.

काचबिंदू. डॉक्टर म्हणाले होते, गेलेली नजर परत येत नाही, आहे ती सांभाळायची. थेंब घालते मी वेळेवर. ह्यांच्या हाताने अर्धे गालावर जातात.

उद्यापासून शिकायला जाईन. नक्की.

३० ऑगस्ट

नाही गेले. दुकानात गणवेशांचा ढीग पडलाय, हे कारण. खरं कारण — लाज.

७ सप्टेंबर

गेले एकदाचे! बंद पडलेल्या कारखान्यामागच्या मैदानात, सकाळी सकाळी, कुत्री सोडून कोणी बघायला नसताना. सगळ्या गावाच्या पॅन्टी शिवल्या, स्वतःसाठी पहिल्यांदाच शिवली. नणंदबाईंनी हौसेने डबा भरून दिला आणि वर म्हणाल्या, "वहिनी, दादाला घेऊन पडू नका म्हणजे झालं!" त्या खालच्या मजल्यावर राहतात. जिभेला हाड नाही, पण मनाने सोनं आहेत.

क्लच सोडला की गाडी आचका देऊन बंद. परत चालू, परत बंद. शेवटी उभ्याउभ्याच मला घेऊन आडवी झाली. हे धावत आले, म्हणजे माझ्या आवाजाच्या दिशेने आले, आणि लागलं का विचारायच्या आधी हसायला लागले. मीही हसले. गुडघा सुजलाय.

हे कितीदा म्हणाले होते, शीक म्हणून. मुलगी लहान होती तेव्हापासून. तेव्हा शिकले असते तर आज नुसतं किल्ली घेऊन निघायचं होतं.

२१ सप्टेंबर

सरळ जाते माझी गाडी. वळण आलं की मागचं चाक फरकन घसरतं. सकाळभर तेच. हे मैदानाच्या मधोमध उभे, आवाज ऐकत. शेवटी म्हणाले, "थांब. तुझा उजवा पाय काय करतोय?"

बघितलं तर पाय ब्रेकवर, गच्च दाबलेला. आणि मी दाबलाच नव्हता!

मग डोक्यात प्रकाश पडला. लग्न झाल्यापासून मी ह्यांच्या मागे बसतेय. प्रत्येक वळणावर भीतीने उजवा पाय खाली दाबत आलेय. तेव्हा पायाखाली नुसता दांडा असायचा, दाबला काय, न दाबला काय! आता त्याच पायाला खरा ब्रेक सापडलाय.

"मला माहीत होतं," हे म्हणाले. "वळण आलं की तुझा गुडघा माझ्या कमरेत रुतायचा. डोळेही मिटायचीस. आरशात दिसायचं."

"मग बोलला का नाहीत कधी?"

"बोललो असतो तर तू यायची बंद झाली असतीस."

घरी येताना डोक्यात एकच. इतकी वर्षं ज्या रस्त्याने गेले तो मी पाहिलेलाच नाही. वर पोचलं की मला मळमळायचं. हे कठड्यापाशी उभे राहून "ये ना, बघ तरी" म्हणायचे आणि मी गाडीला टेकून लिंबाची गोळी चघळत बसायचे. एकदा उठून गेले असते तर काय बिघडलं असतं!

५ ऑक्टोबर

दगडावर आपटले. एवढं मोठं मैदान, एकच दगड, आणि मी बरोब्बर त्याच्यावर!

"त्याच्याकडे बघत होतीस ना?"

बघणारच. आपटू नये म्हणूनच तर बघत होते.

"ज्याची भीती वाटते तिकडे बघशील, तर तिथेच जाशील. रस्ता जिथून बाहेर पडतो तिकडे बघायचं. वळणाच्या पुढे. हात आपोआप येतात मागून."

आपोआप कसले येतात! पुढचा मडगार्ड वाकलाय. हे बोटांनी चाचपून म्हणाले, "काही नाही, ठोकून सरळ होईल." आणि त्यावरची चांगली बोटभर चीर ह्यांना दिसलीच नाही.

१८ ऑक्टोबर

आज दुकानात गंमत झाली. कोटाचा मुंढा कापत होते. खांद्यापासून काखेपर्यंतची ती गोलाई, त्यात कात्री एकदा चुकली की अख्खा कोट बसत नाही. कापता कापता लक्षात आलं, माझी नजर कात्रीच्या टोकावर नाहीच. खडूची रेघ जिथे संपते तिथे आहे. कात्री मागून येतेय. थांबत नाही, घाई करत नाही, एका चालीने.

अगं बाई! हे तर मला येतं!

मालकांकडून अर्धी सुट्टी काढून तडक मैदानात. गाडी हल्ली तिथल्याच कारखान्याच्या शेडमध्ये असते, किल्ली माझ्या पर्समध्ये. ह्यांना बरोबर घ्यायला घरीसुद्धा गेले नाही. आधी वेग कमी केला, ब्रेक सोडला, मान वळवून पार पलीकडे बघितलं आणि हलका गॅस दिला. गाडी कलली. मी किंचाळले, पण पाय दाबला नाही. वळली! मग इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी फिरत राहिले, बोटं बधिर होईपर्यंत.

घरी आले तर हे जेवायचे थांबलेले. सांगितलं. किती खूश झाले! नणंदबाईंना हाका मारून वर बोलावलं. मग जरा वेळाने म्हणाले, "मला न्यायचं होतंस गं. बघितलं असतं."

आणायला फक्त चौकापलीकडे यायचं होतं मला. घाई कसली झाली होती मेलीला!

२ नोव्हेंबर

काल लायसन हातात आलं. परीक्षा घेणारा म्हणाला, "मावशी, वळण छान घेता." मावशी म्हणाला ते माफ.

परवा डोळ्यांच्या डॉक्टरांकडेही जाऊन आलो. त्यांनी मला बाजूला बोलावलं. "जे दाखवायचं असेल ते लवकर दाखवून घ्या." हे बाहेर बाकावर बसले होते. विचारलं, काय म्हणाले? मी म्हटलं, थेंब बदललेत.

पुढच्या रविवारी डोंगर.

९ नोव्हेंबर

नाही जमलं.

मैदान वेगळं आणि डोंगर वेगळा. पहिली दोन वळणं बरी गेली. तिसऱ्याला समोरून ट्रक आला, अर्धा रस्ता खाऊन. मी बघितलं कुठे? ट्रककडे! आणि पाय — तोच जुना, भित्रा, मागच्या सीटवरचा पाय — गच्च! गाडी तिरकी होऊन खडीत थांबली. ट्रकवाला शिव्या देत गेला. किल्ली मी दोनदा उलटीच फिरवली.

ह्यांनी मागून खांद्यावर हात ठेवला. "जाऊ दे. पुढच्या वेळी."

पुढची वेळ आहे का आपल्याकडे, असं ओठावर आलं होतं. गिळलं. गाडी वळवली आणि खाली आलो. घरी येऊन मोरीचा नळ सोडला आणि पोटभर रडून घेतलं.

१६ नोव्हेंबर

परत अर्ध्यातून माघारी.

२३ नोव्हेंबर

मला ताप. खरंच ताप होता, की मी आणला, देव जाणे. रविवार गेला.

७ डिसेंबर

आज मधल्या चहाच्या टपरीपर्यंत! म्हणजे अर्ध्याच्या वर. ट्रक आला तरी मी ट्रकच्या शेजारच्या मोकळ्या रस्त्याकडे बघितलं आणि गेले की बाजूने!

ह्यांच्यामुळे. मागे बसावं तर ह्यांच्यासारखं. गाडी जितकी कलते तितकेच हे कलतात, ना जास्त ना कमी. मागे कोणी आहे हे वजनावरूनच कळतं. मी मात्र वर्षानुवर्षं वळणाच्या उलट्या बाजूला झुकून बसले, ह्यांना गाडीही ओढावी लागली आणि मलाही. एकदा कुरकूर नाही. वळणाआधी फक्त कानाशी बोलतात, "आता डावं, लांब आहे. घाई नको. आता उजवं, आखूड." सगळी वळणं तोंडपाठ!

टपरीवर चहावाल्याने पेला पुढे केला. ह्यांचा हात पेल्याच्या शेजारून गेला. परत गेला. मग मीच पेला हातात दिला आणि मडगार्डच्या खर्चाबद्दल काहीतरी बडबडत राहिले. हेही हसले. आम्ही दोघंही फार बोललो आज.

वर जायला हवं होतं तसंच. पण वळणं पुढे आखूड होत जातात, आणि माझी छाती झाली नाही.

२१ डिसेंबर

मुलीचा फोन. नेहमीसारखी एका श्वासात. "आई, बाबांना टॅक्सीने का नाही नेलंस गं? ऑगस्टमध्येच? दोन तासांचं काम होतं!"

मी म्हटलं, त्यांना गाडीवरूनच जायचं होतं.

"ते हट्ट करणारच. तू ऐकायचं होतंस का?"

फोन ठेवला आणि शिवायला बसले. एकाच बाहीला दोनदा उलटी शिवण घातली. खरंच की. ऑगस्टमध्ये ह्यांना माझ्या ब्लाउजचं सुटलेलं बटण दिसत होतं. एकदा तोंड वाकडं करून बसले असते टॅक्सीत, पण दिसलं असतं! आधी मी लाजत बसले, मग धडपडत बसले, मग घाबरत बसले. मी वळणं शिकत होते आणि इकडे ह्यांची नजर संपत होती. आज हे दाराची कडी शोधत होते. दार उघडंच होतं.

सगळं माझ्यामुळे असं नाही, हे कळतं मला. काचबिंदू काही मी दिला नाही. पण हे महिने मी घालवले, ते कोणाच्या नावावर टाकू?

ह्यांना म्हटलं, उद्याच टॅक्सी सांगते. तर केवढे चिडले! "आता? आता अर्ध्यावर आलीस आणि टॅक्सी? मी तुझ्या मागे बसूनच जाणार." चिडले ते बरं झालं. निदान "बरं" म्हणाले नाहीत.

३ जानेवारी

उद्या. टायरमध्ये हवा भरली, साखळीला तेल दिलं. नणंदबाई म्हणाल्या, "वहिनी, आता मलाही शिकवा. मग ह्यांनाच मागे बसवते." त्यांचे मिस्टर पेपरामागून म्हणाले, "मी चालत येईन."

ह्यांनी दाढी केली आणि चांगला शर्ट काढायला लावला. मी विचारलं, आठवतं ना वरून कसं दिसतं ते? म्हणाले, "आठवायचं कशाला? उद्या बघणारच आहे."

४ जानेवारी

पोचलो! एकही वळण चुकलं नाही. पाय एकदाही दाबला नाही.

आभाळ भरलेलं, ऊन नव्हतं, गार वारा. पण खाली सगळं लख्ख! सगळीच्या सगळी वळणं, उसवलेला दोरा टाकून द्यावा तशी पार पायथ्यापर्यंत, आणि पलीकडे तळं. मी जन्मात पहिल्यांदा बघितलं. हे कठडा धरून उभे होते. ओठ नुसते हलत होते. मला बघवेना. म्हटलं, "अहो, धुकंच आहे आज. मलाही काही दिसत नाहीये."

"धुकं आहे होय!" केवढ्याने हसले! "अगं, घाबरलो ना मी. म्हटलं, संपलं सगळं." माझा हात धरून ठेवला किती तरी वेळ. मग म्हणाले, "चल, पुढच्या रविवारी परत येऊ. धुकं नसेल तेव्हा."

मी हो म्हटलं.